उजव्या खुर्चीतले पाय

हँगरमध्ये चार विमानं होती. उडण्यासारखी त्यातली दोन. तिसऱ्याचं इंजिन काढून टेबलावर ठेवलेलं होतं, आणि चौथं सुट्या भागांसाठी होतं, म्हणजे ते दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत होतं. हेडसेट नऊ, त्यातले दोन्ही कानांनी ऐकू येईल असे सहा. शिकवणारे आम्ही तिघं. शिकणारे सतरा. सतरातल्या पंधरा जणांना त्यांच्या नावानं हाक मारली जायची. उरलेल्या दोघांनाही नावं असणारच, पण ती कोणी घेत नसे. त्यातला एक मामांचा आणि दुसरा काकूंचा.

मामा म्हणजे ज्यांच्या एका शब्दावर आमच्या धावपट्टीच्या जमिनीचा करार दरवर्षी पुढे सरकायचा, ते. काकू म्हणजे वैमानिकांच्या परीक्षा घेणाऱ्या कचेरीतल्या बाई. शिकवणाऱ्यांतही एक तसाच होता. आम्हाला इंधन पुरवणाऱ्या गृहस्थांचा तो जावई, म्हणून त्याला सगळे जावईबापू म्हणत. एकूण आमची शाळा तीन पायांच्या स्टुलासारखी उभी होती आणि तिन्ही पायांची माणसं आमच्याच छपराखाली चहा पीत होती.

मी तिघांतली सगळ्यात नवी. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी उडायला शिकले, कारण पुस्तकात बाण काढून दाखवलेली बलं प्रत्यक्षात हाताला कशी लागतात ते मला बघायचं होतं. मग शिकवायचा परवाना काढला. इथे मला एक वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. हे घडलं त्या महिन्याच्या शेवटी मला कायम करायचं की नाही हे साहेब ठरवणार होते. साहेब म्हणजे शाळेचे प्रमुख, चाळीस वर्षं विमानं उडवलेला माणूस. मी त्यांचा आदर करत होते. हे आधीच सांगते, कारण पुढे तसं वाटणार नाही.

मामांच्या भाच्याची वेळ पहाटेची असायची. हवा तेव्हा सर्वांत शांत असते. ती वेळ खरं तर एका चष्मेवाल्या मुलीची होती. ती दोन गाड्या बदलून यायची आणि बाकावर बसून राहायची, कारण मामांचा अजून पोचलेला नसायचा. तो येईपर्यंत वारा सुटलेला असायचा, आणि मग तिचं उड्डाण रद्द व्हायचं. त्याचं उड्डाण मात्र व्हायचं. त्याच्याबरोबर साहेब स्वतः जायचे.

उडण्याआधी विमानाभोवती फिरून प्रत्येक भाग बघायचा असतो. मामांचा टायरला एक लाथ मारायचा, म्हणायचा, ठणठणीत आहे, आणि चढायचा. एकदा मी त्याला तेलाची पातळी बघायला सांगितली. तो म्हणाला, "त्यासाठी माणूस आहे ना, मॅडम."

"माणूस आहे," मी म्हटलं, "पण तो तुझ्याबरोबर वर येत नाही."

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दुकानातल्या पोरीनं उलट उत्तर दिल्यावर चांगल्या घरची माणसं हसतात तसा तो हसला. संध्याकाळी साहेबांनी बोलावून जरा सांभाळून घ्यायला सांगितलं. सांभाळून घे याचा अर्थ शब्दकोशात काहीही असो, आमच्या शाळेत त्याचा अर्थ गप्प बस असा होता. त्या वर्षात मी इतकं सांभाळून घेतलं होतं की रात्री झोपेत दात आवळून माझा जबडा दुखायचा.

तर त्या आठवड्यात गोष्ट अशी होती. शुक्रवारी मामांचा एकटा उडणार होता. पहिल्यांदा एकट्यानं विमान वर नेऊन खाली आणायचं, हा शिकणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा दिवस. तो बघायला मामा येणार होते, त्याची आई येणार होती. आमच्याकडे नियम असा की एकट्याला पाठवण्याआधी दोन सह्या लागतात. एक ज्यानं शिकवलं त्याची, आणि दुसरी ज्यानं शिकवलेलं नाही अशा इन्स्ट्रक्टरची, म्हणजे परक्या डोळ्यांची. पहिली सही साहेबांची झाली होती. दुसरी माझ्याकडे आली.

सोमवारी मी त्याला घेऊन निघाले. डाव्या खुर्चीत तो, उजव्या खुर्चीत मी. या विमानात दोन्ही बाजूंना हातात धरायची सारखीच चाकं आणि पायाखाली सारखीच पेडल असतात आणि ती आतून एकमेकांना जोडलेली असतात. डावीकडचं दाबलं की उजवीकडचंही हलतं. धावपट्टीवर वेग घेताना नाकावरचा पंखा फिरत असतो आणि त्याच्या जोरानं विमानाचं नाक डावीकडे वळू बघतं. ते सरळ ठेवायला उजवं पेडल दाबून धरावं लागतं. शिकाऊ माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळते, कारण नाही दाबलं तर विमान गवतात जातं.

मी माझे पाय मागे घेऊन सपाट जमिनीवर ठेवले. त्यानं पूर्ण ताकद दिली. विमान सुटलं आणि थोड्याच अंतरावर नाक डावीकडे वळायला लागलं. मी वाट पाहिली. आता दाबेल, आता दाबेल. त्यानं हातातलं चाक उजवीकडे फिरवलं, मोटार चालवल्यासारखं. जमिनीवर त्या चाकाचा सरळ जायला काही उपयोग नाही. उलट त्यानं पंखांवरच्या झडपा अशा हलतात की विमान आणखी थोडं डावीकडेच ओढलं जातं. तो जितकं फिरवत होता तितका कडेला जात होता. शेवटी मी पाय टाकला आणि विमान रेषेवर आणलं.

वर गेल्यावर तो म्हणाला, मॅडम, तुम्ही काहीतरी केलंत. मी म्हटलं, मी काही केलं नाही, तेच तर केलं. त्याला ते कळलं नाही. तो म्हणाला, साहेबांबरोबर विमान सरळ जातं.

उतरतानाही तेच झालं. पुन्हा वर गेलो, पुन्हा उतरलो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते ढोंग नव्हतं. मी नीट बघत होते. त्याला खरोखर कळत नव्हतं की आज या विमानाला झालंय काय.

मला मात्र चहा पिता पिता कळलं. साहेबांबरोबर उजवं पेडल हलत होतं. त्याचा पाय त्यावर ठेवलेला होता. पेडल हलतंय म्हणजे आपणच हलवतोय, असं त्याला वाटत होतं. इतके महिने.

मी साहेबांना सांगितलं. आधी ते हसले. मग म्हणाले की माझे पाय जमिनीवर असतात, मी काय आज शिकवायला लागलो? मग म्हणाले की तू घाबरतेस आणि तुझी घबराट पोराला लागते. मी वाद घातला नाही. मी म्हटलं, मोजून बघू या. तुमचे पाय जमिनीवर असतील तर माझं तोंड बंद होईल.

त्यांना स्वतःची इतकी खात्री होती की ते लगेच हो म्हणाले.

खिडकीच्या काचा बसवायला वापरतात ती पुट्टी आमच्या मेकॅनिककडे होती. त्याला सगळे पाना म्हणत, कारण पाना खिशात नाही असा तो कधी दिसला नव्हता. मी बाटलीच्या झाकणात पुट्टी दाबून दोन सारख्या चकत्या पाडल्या, जाडी बरोबर दहा मिलिमीटर. उजव्या खुर्चीच्या दोन्ही पेडलवर एकेक चकती चिकटवली. पाना म्हणाला, ताई, हे सुटून खाली अडकलं तर लोक मला शोधतील, आणि त्यानं वरून कापडी टेप घट्ट गुंडाळला. दोन्ही पेडल पूर्ण हलवून बघितली. साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, पोरीनं कॉलेजची प्रयोगशाळा इथे आणली.

बुधवारी ते दोघं तीन फेऱ्या मारून आले. तिन्ही वेळा विमान सुतासारखं सरळ धावलं. मामांचा उतरून अंगठा दाखवत गेला. मी टेप सोडवला आणि जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. डावी चकती साडेनऊ मिलिमीटर. उजवी तीन. उजवीवर टेपच्या आरपार बुटाच्या तळव्याची नक्षी उमटली होती.

साहेबांनी ती चकती हातात घेतली. मग त्यांनी एका पायावर उभं राहून, पंखाला धरून, स्वतःच्या बुटाचा तळवा बघितला. बराच वेळ. मला वाटलं, झालं. आता शुक्रवार पुढे ढकलतील. चाळीस वर्षं उडवलेला माणूस आहे.

ते म्हणाले की बाकीच्यांच्या वेळी असं होत नाही. ते खरं होतं. चष्मेवालीला त्यांनी दोनदा गवतात जाऊ दिलं होतं आणि मग असं झापलं होतं की ती रडली होती आणि शिकली होती. पण याच्या वेळी, ते म्हणाले, आपला पायच ऐकत नाही. कुठे खरचटलं, कुठे आपटला, तर मामांना काय सांगणार. पाय आपोआप पुढे जातो.

"तुम्हाला त्याच्याबरोबर बसून इतकी भीती वाटते," मी म्हटलं, "आणि त्याला एकट्याला पाठवताय."

त्यांनी चकती माझ्या हातात परत दिली. म्हणाले, शुक्रवारी हवा शांत असेल. करार याच महिन्यात आहे. पोराचं नशीब बलवत्तर आहे, आजवर एकदाही वाकडं गेला नाही.

"ते नशीब नाही, साहेब. तो तुमचा पाय आहे."

"सही कर," ते म्हणाले. "आणि तुझंही याच महिन्यात आहे, विसरू नकोस."

मला आतापर्यंत वाटायचं की अशा माणसांना कळत नाही म्हणून ती असं वागतात. म्हणून मी मोजायला गेले. मोजून दाखवलं की कळेल, आणि कळलं की सुधारेल. आमच्या सगळ्या शिक्षणाचा पायाच तो. साहेबांना माझ्यासमोर कळलं, मी कळताना बघितलं, आणि त्यानंतर त्यांनी मला सही करायला सांगितलं. माझ्या हाताची इतकी घट्ट मूठ वळली होती की ती चकती पुन्हा गोळा झाली.

मी आत्याकडे राहते. वडिलांची मोठी बहीण. पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम चालतं, मागच्या खोलीत आम्ही दोघी. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाच विचारलं, पोरगा मरेल का? मी म्हटलं, कदाचित नाही. कदाचित गवतात जाऊन उलटेल, कदाचित कुंपणाला लागेल, कदाचित वाचेल आणि पुढच्या वेळी कोणाला तरी बरोबर घेऊन जाईल.

आत्या म्हणाली की हे बघ, सही केलीस आणि पोरगा आपटला तर तुरुंगात डबा घेऊन मी येणार नाही, माझे गुडघे दुखतात. नाही केलीस तर घरी बसशील, मग शर्टाची बटणं लाव, माझी दोन महिन्यांची पडली आहेत. दोन्हीत माझं नुकसान नाही. मी जेवत नव्हते. तिनं माझ्या ताटाकडे बघितलं.

"बापासारखं नाक फेंदारून बसू नकोस. त्यानं जन्मभर घरच्या भांड्यांवर राग काढला. ज्याच्यावर आलाय त्याच्या तोंडावर काढ, आणि मग जेव."

गुरुवारी मी मामांच्याला गाठलं. तो गाडीत बसून फोन बघत होता, एसी चालू. मी काचेवर टकटक केलं आणि त्याला सगळं सांगितलं, पेडल, पुट्टी, साडेनऊ आणि तीन. तो हसला. म्हणजे साहेब चोरून मजा घेत होते म्हणायचं, असं म्हणाला. मग म्हणाला की मॅडम, माझ्या सगळ्या लँडिंगचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे. त्यानं दाखवलेसुद्धा. कॅमेरा काचेला चिकटवलेला होता. त्यात काळा चष्मा लावलेला त्याचा चेहरा दिसत होता, मागे आभाळ, आणि विमान रेषेवर सरळ उतरत होतं. पाय कुठेच नव्हते.

मी म्हटलं, कॅमेरा खाली लाव आणि बघ.

मग मी त्याला सांगितलं की हे काही अवघड नाही. उजवा पाय, एवढंच. बाकीचे पंधरा जण शिकले, तूही शिकशील. उद्या उजाडताच ये. मी बरोबर बसते, पाय मागे घेऊन, दोन तासांत तुझ्या पायाला कळेल. शुक्रवारी नाही तर पुढच्या शुक्रवारी एकटा जा. मी स्वतः सही करते. हे बोलताना मी राग गिळला होता.

तो विचार करत होता असं क्षणभर वाटलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी जमायचं नाही, मॅडम. आज घरी पाहुणे आहेत, झोपायला उशीर होईल."

काच वर गेली.

पहाटे मी तरीही गेले. विमानाभोवती फिरले, तेल बघितलं, इंधन बघितलं. चष्मेवाली बाकावर बसली होती. तिला मी आत बसवलं आणि दोन तास तिलाच शिकवलं. तो आला नाही.

नऊच्या सुमारास कचेरीत शिरले तर कळलं की दुसरी सही झाली आहे. जावईबापूंनी केली होती. जावईबापू त्या मुलाबरोबर एकदाही उडाले नव्हते. त्यांनी त्याला विमानात बसलेलासुद्धा लांबूनच पाहिला होता. मी विचारलं तर म्हणाले, साहेब म्हणाले चांगला उडवतो, मग चांगलाच उडवत असणार. आणि वर म्हणाले, एवढं मनावर घेऊ नका, आपण काय त्याच्याबरोबर थोडेच बसणार आहोत. वशिल्याच्या तट्टानं वशिल्याच्या तट्टाला दाखला दिला. मी हे त्यांच्या तोंडावर म्हटलं. त्यांना राग आला नाही, त्यांना वाटलं मी गंमत करते.

साहेब म्हणाले, सोमवारपासून येऊ नकोस. इंधन कमी आहे हे सांगावं तशा आवाजात म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर गवतावर खुर्च्या मांडल्या होत्या. दोन मोठ्या गाड्या आल्या. मामा उतरले, मामांबरोबरची माणसं उतरली, आणि शेवटी मुलाची आई. साधी, बारीक चणीची, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली बाई. तिनं विमान बघितलं आणि म्हणाली, एवढंसं? वारा डावीकडून होता, फार नाही, पण वारा दाखवणारी कापडी पिशवी अर्धी भरलेली होती. डावीकडचा वारा नाक आणखी डावीकडे वळवतो. मामांचा टायरला लाथ मारत होता.

मी खुर्च्यांकडे गेले. मला मामांशीच बोलायचं होतं. पण मामा फोनवर होते आणि आई मोकळी होती, म्हणून मी आईसमोर उभी राहिले. माझ्या हातून झालेली ही एकमेव हुशारी, आणि ती मी केलेली नाही.

मी तिला म्हटलं की तुमचा मुलगा विमान सरळ पळवू शकत नाही. आजवर त्याचं पेडल साहेब दाबत होते. मी ते मोजलं आहे. आज साहेब बरोबर नसतील.

साहेब धावत आले आणि म्हणाले, पोरी, आत जा. मामांनी फोन खाली केला आणि विचारलं, कोण ह्या? साहेब म्हणाले, सकाळपर्यंत आमच्याकडे होत्या. असं आहे तर, मामा म्हणाले, म्हणजे राग आहे. खुर्च्यांवरचे सगळे हसले. जावईबापू सगळ्यात मोठ्यानं.

राग होताच. मी नाकारलं नाही. मी म्हटलं, राग आहे, आणि मोजलेलंही आहे. दोन्ही खरं आहे.

आई हसली नव्हती. तिनं साहेबांना विचारलं, "तुम्ही पाय लावता का?"

साहेबांनी मामांकडे बघितलं, मग तिच्याकडे. खोटं बोलणं त्या क्षणी फार सोपं होतं. एक ‘नाही’ पुरलं असतं. ते म्हणाले, सवयीनं, कधी कधी.

"मग आज लावू नका," ती म्हणाली. "आधी तुम्ही त्याच्याबरोबर बसा. उडवायचं नाही, नुसतं पळवायचं. मी इथून बघते."

मामा म्हणाले, अगं, लोक बसलेत, काय लावलंयस.

"बसू देत, दादा. चहा दे त्यांना." मग साहेबांकडे वळून, घरात शिरणाऱ्या पोराला सांगावं तसं ती म्हणाली, "बूट काढून माझ्याकडे द्या. म्हणजे लक्षात राहील."

मामांच्या माणसांनी मामांकडे बघितलं, मामांनी बहिणीकडे. साहेब एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. मामांचा लांबून ओरडला, आई, काय चाललंय, सगळे बघतायत. ती म्हणाली, बघायलाच आलोय.

मी त्यांच्या मागे विमानापर्यंत गेले. साहेब मोज्यांवर चढले आणि टाचा खुर्चीखाली ओढून बसले. मी त्यांना सांगितलं की हात थ्रॉटलवर, इंजिनाची ताकद कमीजास्त करायच्या दांड्यावर ठेवा, खालचं चाक कडेजवळ आलं की लगेच ताकद बंद करा, पाय पुढे घ्यायचे ते त्यानंतरच. त्यांनी मान हलवली. मामांच्यानं काळा चष्मा लावला. मी दार बंद केलं.

पाना आणि मी धावपट्टीच्या बाजूला जाऊन उभे राहिलो, हातात लांब फीत. इंजिनचा आवाज वाढेपर्यंत मला विचार करायला वेळ मिळाला, आणि जो विचार आला त्यानं मला पुन्हा संताप आला. माझं मोजमाप बरोबर होतं तेव्हा त्याला कोणी विचारलं नाही. आईनं विचारलं तेव्हा त्याला वजन आलं. म्हणजे खऱ्यालाही शेवटी नातं लागलं, त्यालाही कोणाचा तरी शब्द लागला. आई फोनवर असती आणि मामा मोकळे असते तर हा मुलगा या क्षणी एकटा बसलेला असता. मी पानाला हे म्हटलं. तो म्हणाला, ताई, आता पुढे बघा.

विमान सुटलं. सुरुवातीला सरळ धावलं. मग नाक डावीकडे वळलं, थोडंसं, मग जास्त. काचेतून मला तो दिसत होता. तो चाक उजवीकडे फिरवत होता, पूर्ण, दोन्ही हातांनी, अंगाला झोका देऊन. साहेबांचं तोंड उघडं होतं, ते काहीतरी सांगत होते. त्यांचे गुडघे वर उसळले आणि पुन्हा खाली दबले. त्यांनी स्वतःच्या उजव्या मांडीवर डावा हात ठेवून ती दाबून धरलेली मी पाहिली. विमान कडेकडे येत राहिलं. मग आवाज एकदम तुटला, पेडल दाबलं गेलं, ब्रेक किंचाळले, शेपूट हललं आणि ते थांबलं.

पंखा फिरायचा बंद झाला. आई बूट हातात घेऊन उभी होती. विमानाचं दार उघडलं, पण बाहेर कोणी आलं नाही.

पानानं फितीचं एक टोक मधल्या पांढऱ्या रेषेवर धरलं. मी दुसरं टोक घेऊन डावीकडे गेले, टायरची काळी खूण जिथे सगळ्यात बाहेर गेली होती तिथपर्यंत, आणि मग पुढे डांबर संपतं तिथपर्यंत.

डाव्या चाकाची खूण मध्यरेषेपासून आठ मीटर त्र्याहत्तर सेंटिमीटर. धावपट्टीची कड मध्यरेषेपासून नऊ मीटर दहा सेंटिमीटर.